व्हिएन्तियानला दोन रात्री: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लाओसचा प्लॅन करताना बहुतेक लोक राजधानीला अर्धा दिवस देतात, आणि तोही नाइलाज म्हणून, कारण विमान तिथेच उतरतं आणि लुआंग प्राबांगची ट्रेन तिथूनच सुटते. मग परत आल्यावर सांगत सुटतात की व्हिएन्तियानमध्ये बघण्यासारखं काही नाही. आता हे लोक करतात काय, तर दुपारी बाराला उतरतात, भर उन्हात तीन मंदिरं उरकतात, घामाघूम होऊन कुठल्यातरी एसी कॅफेत बसतात आणि संध्याकाळच्या ट्रेनने पळतात. म्हणजे इथल्या दिवसाचा जो सगळ्यात वाईट तुकडा असतो नेमका तेवढाच बघून येतात. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा, एवढंच खरं शहर, मधल्या वेळात लाओ माणूस स्वतःच सावली शोधत असतो. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की दोन रात्री द्या आणि दुपार झोपायला ठेवा. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

अजून एक, बँकॉकची अपेक्षा ठेवून जाऊ नका. मेट्रो नाही, गर्दी नाही, रात्री साडेअकरा-बारापर्यंत बहुतेक सगळं बंद. ज्यांना सुट्टीत पार्टी हवीय त्यांनी इथे पैसे घालवू नयेत, खरंच.

आधी महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, हवा कोरडी, संध्याकाळी गार वारा, क्वचित पातळ जॅकेटसुद्धा लागतं. मार्च-एप्रिलमध्ये शेतं आणि जंगलाचे पट्टे जाळतात त्यामुळे आकाश धुरकट असतं आणि गरमी तर विचारू नका. मे ते ऑक्टोबर पाऊस, पण आपल्या कोकणासारखा दिवसेंदिवस लागून राहत नाही, बहुतेक वेळा एक जोरदार सर येते आणि जाते.

सणाच्या वेळी जायचं असेल तर आपलं कालनिर्णय घेऊन बसा, गंमत म्हणजे ते बऱ्यापैकी जुळतं. इथले भिक्षू पावसाळ्याचे तीन महिने मठातच राहतात, आपला चातुर्मास सुरू होतो त्याच सुमाराला, आणि तो काळ संपतो तो कोजागिरीच्या आसपास. त्याला म्हणतात ऑक फान्सा. त्या रात्री मेकाँगमध्ये दिव्यांनी सजवलेल्या होड्या आणि केळीच्या पानांचे दिवे सोडतात आणि दुसऱ्या दिवशी लांबलचक होड्यांची शर्यत असते, नदीकाठी पाय ठेवायला जागा नसते. नंतर त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास थाट लुआंग या सोनेरी स्तूपाचा उत्सव, तो तर देशातला सगळ्यात मोठा. एप्रिलच्या मध्यावर त्यांचं नवीन वर्ष, पी माय, त्यात तीन दिवस रस्त्यावर पाणी उडवतात, धमाल असते पण बरीच दुकानं-ऑफिसं बंद, आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच बाहेर पडायचं.

व्हिसा आणि पोचायचं कसं

भारतीय पासपोर्टवर दोन्ही पर्याय आहेत, ई-व्हिसा आणि व्हिसा ऑन अरायव्हल, साधारण 40 ते 50 डॉलरच्या आसपास, 30 दिवसांचा आणि सिंगल एंट्री. ई-व्हिसा काढायचा तर सरकारी साइटवरूनच काढा, सर्चमध्ये वर येणाऱ्या एजंटच्या साइट्स दुप्पट पैसे घेतात. थोडे दिवस हाताशी ठेवून अर्ज करा आणि प्रिंट जवळ ठेवा. फॉर्ममध्ये एंट्री कुठून करणार ते विचारतात आणि ई-व्हिसा सगळ्या नाक्यांवर चालत नाही, त्यामुळे विमानाने की पुलावरून की ट्रेनने हे आधी ठरवा मग फॉर्म भरा. ऑन अरायव्हल घेणार असाल तर पासपोर्ट फोटो आणि डॉलर कॅश. नोटा कोऱ्या हव्यात हो, दुमडलेली, शाई लागलेली, कोपरा फाटलेली नोट काउंटरवरून परत मिळते. पासपोर्टला सहा महिने शिल्लक असले पाहिजेत हे काय सांगायला नको.

भारतातून थेट विमान नाही. मुंबईहून बँकॉक, हनोई नाहीतर क्वालालंपूर गाठायचं आणि तिथून पुढचं विमान वट्टाय एअरपोर्टला. वट्टाय शहरापासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर आहे, ही मोठी सोय.

पण थायलंड करून जाणार असाल तर माझं मत ट्रेनला. जुलै 2024 पासून बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्टेशनवरून रात्री ट्रेन निघते आणि सकाळी नऊच्या सुमारास व्हिएन्तियानच्या खामसावात स्टेशनला लागते. स्लीपर आहे, मस्त झोप होते, आणि हॉटेलची एक रात्र वाचते. मध्ये नोंग खाय या थाई सीमेवरच्या गावी उतरून थायलंडचा एक्झिट शिक्का, मग मैत्री पुलावरून मेकाँग ओलांडून लाओसचा शिक्का. हा पूल 1994 चा, ऑस्ट्रेलियाच्या पैशातून बांधलेला, लांबी साधारण 1.17 किलोमीटर, आणि त्याच्यावरूनच रस्ता आणि रूळ दोन्ही जातात, ट्रेन जाताना गाड्या थांबवतात. दुसरा मार्ग म्हणजे थायलंडमधल्या उदोन थानीपर्यंत स्वस्तातलं विमान आणि पुढे बस. पुलावरून चालत जाता येत नाही, शटल बस घ्यावीच लागते. थायलंडमध्ये शिरण्याआधी त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं आणि व्हिसाचे नियम ते बदलत असतात, तिकीट काढायच्या दिवशी चेक करा.

घड्याळ दीड तास पुढे.

पैसे: शून्यांना घाबरू नका

चलन किप. पहिल्या दिवशी जेवणाचं बिल 80,000 आलं की पोटात गोळा येतो, पण हे साधारण 320 रुपये आहेत. सोपा हिशोब असा की शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला चाराने गुणायचं, म्हणजे 50,000 किप म्हणजे 200 रुपये, 1 लाखाची नोट म्हणजे 400. रेट हलत असतो, गेल्या काही वर्षांत किप फार घसरलाय, पण बाजारात उभं राहून डोकं चालवायला एवढं पुरतं.

डॉलर किंवा थाई बाथ घेऊन जा आणि तिथे बदला. रुपये नेऊ नका, त्याचा काही उपयोग नाही. एक्स्चेंज बँकेत नाहीतर बँकेच्या अधिकृत काउंटरवर, शहराच्या मध्यभागी भरपूर आहेत. एटीएम पण आहेत, पण प्रत्येक वेळी चार्ज लागतो आणि एका वेळी मिळणारी रक्कम मर्यादित, त्यामुळे थोडे थोडे काढत बसलात तर चार्जमध्येच जेवणाचे पैसे जातात. स्थानिक लोक सगळे क्यूआर स्कॅन करून देतात, ते बघून आपला हात आपोआप फोनकडे जातो, पण तो क्यूआर त्यांच्या बँकांचा, आपल्याला कॅशच. कार्ड मोठ्या हॉटेलात आणि काही कॅफेत चालतं.

बाथ बऱ्याच ठिकाणी घेतात पण सुटे किपमध्ये देतात आणि रेट दुकानदार स्वतःच्या मनाने लावतो. किप वापरलेलं बरं.

उतरल्यावर पहिला तास

एअरपोर्टवरच सिम घ्या, युनिटेल किंवा लाओ टेलिकॉम, टुरिस्ट पॅक स्वस्त आहेत, काउंटरवरचा माणूसच सगळं चालू करून देतो. मग लगेच लोका नावाचं ॲप टाका, हे इथलं ओला-उबर समजा. व्हिएतनामी कंपनीच्या हिरव्या-निळ्या इलेक्ट्रिक टॅक्सी पण 2023 पासून आल्यात, झान एसएम नावाच्या. ॲपमध्ये भाडं दिसतं त्यामुळे घासाघीस नाही. टुकटुकवाले, म्हणजे तिथले जंबो, लॅमिनेट केलेलं रेटकार्ड पुढे करतात, त्यावरचे आकडे म्हणजे फक्त बोलणी सुरू करायची जागा, अर्ध्यापासून सुरू करा, हसत हसत. चढायच्या आधी ठरवा आणि माणशी की सगळ्यांचे मिळून ते दोनदा विचारा.

रस्ता ओलांडताना लक्षात ठेवा की इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात. आपली मान सवयीने उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून. ट्रॅफिक शांत आहे, हॉर्न तर जवळपास ऐकूच येत नाही, आणि तेच धोक्याचं आहे कारण आपण आवाजावर रस्ता ओलांडणारे लोक. स्कूटर भाड्याने मिळते, पण इंटरनॅशनल परमिट आणि हेल्मेट नसेल तर घेऊ नका, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न परमिटचाच विचारतात. सायकल मात्र जरूर घ्या, शहर सपाट आहे.

राहायचं कुठे तर मेकाँगच्या काठचा फा न्गुम रस्ता आणि त्याला समांतर सेत्थाथिरात रस्ता, या दोघांच्या मधल्या गल्ल्यांमध्ये. नाम फू कारंज्याच्या आसपास बघा. गेस्टहाऊसपासून चांगल्या हॉटेलपर्यंत सगळं आहे आणि बहुतेक गोष्टी पायी होतात. स्टेशनजवळ किंवा हायवेला स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, टॅक्सीतच पैसे जातील.

पहिली संध्याकाळ: नदीवर, दुसरीकडे कुठे नाही

सामान टाका, अंघोळ करा, आणि पाचच्या सुमारास नदीकाठी या. सुक्या महिन्यांत मेकाँगचं पाणी इतकं मागे सरकतं की काठापासून लांबपर्यंत वाळूच दिसते, आणि त्या पलीकडे जो किनारा दिसतो तो थायलंड. सूर्य नदीवरच मावळतो. तेवढ्यात मोठ्या स्पीकरवर गाणी सुरू होतात आणि पन्नाशीच्या काकू, कॉलेजची पोरं, ऑफिसमधून आलेली माणसं सगळी एका रांगेत एरोबिक्स करायला लागतात. थोडेसे पैसे देऊन कोणीही सामील होऊ शकतं. लाजू नका, तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

तिथेच पार्कमध्ये तलवार घेतलेला, नदीकडे हात पुढे केलेला एक मोठा पुतळा आहे, तो राजा अनुवोंगचा. ही गोष्ट आधी माहीत असली तर दुसऱ्या दिवशीची मंदिरं जास्त कळतात म्हणून थोडक्यात सांगतो. 1560 मध्ये राजा सेत्थाथिरातने राजधानी लुआंग प्राबांगहून इथे आणली. पुढे हे राज्य सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, टाचेखाली गेलं. 1827 मध्ये अनुवोंगने सयामविरुद्ध उठाव केला, हरला, आणि 1828 मध्ये सयामच्या फौजेने अख्खं शहर जाळून लोक पलीकडे नेले. अनुवोंग बँकॉकमध्ये कैदेत मेला. त्यानंतर कित्येक दशकं इथे झाडी माजली होती, मग फ्रेंच आले आणि त्यांनी पुन्हा इथेच आपलं प्रशासन थाटलं. म्हणून तर शहरात जुनं असं फार कमी दिसतं. आणि पुतळ्याचा हात ज्या दिशेला आहे तिकडे बघा, म्हणजे 2010 मध्ये तो का उभारला तेही कळेल.

अंधार पडला की लाल तंबूंचं नाईट मार्केट लागतं. खरं सांगायचं तर टीशर्ट, फोन कव्हर, चप्पल, बराचसा माल स्थानिक लोकांसाठी आहे, हस्तकला वगैरे शोधायला गेलात तर निराश व्हाल. फिरायला मजा येते, खरेदीला तलात साओ हा बाजार बरा. खायला बान आनू भागातल्या रस्त्यावर जा, संध्याकाळी तिथे स्टॉल लागतात, कोळशावर भाजलेली कोंबडी, मासे, पानात गुंडाळलेलं काय काय.

दुसरा दिवस, सहा वाजता उठा

सुट्टीवर सहा वाजता कोण उठतं, मान्य आहे, पण दुपारी झोपायचंच आहे. पहाटे भगव्या वस्त्रातले भिक्षू रांगेने भिक्षेला निघतात, बायका दाराशी गुडघे टेकून बसलेल्या असतात आणि भात देतात. लुआंग प्राबांगला याचा कॅमेऱ्यांमुळे पार तमाशा झालाय, इथे मात्र तो अजून गल्लीतला रोजचा कार्यक्रम आहे. लांबून बघा, फ्लॅश नको, रांगेच्या मध्ये जाऊ नका, आणि बायकांनी भिक्षूंना स्पर्श होणार नाही एवढं अंतर ठेवायचं.

मग कॉफी. दक्षिणेत बोलावेन पठारावर फ्रेंचांनी कॉफी लावली, ती आता देशाची शान आहे. काफे नोम येन मागा, कंडेन्स्ड मिल्क आणि बर्फ घातलेली कडक कॉफी, सोबत खाओ जी म्हणजे फ्रेंच पाव भरून, अंड्याचा सांगितला तर तसाही देतात.

आठला वाट सी साकेत उघडतं, तिथे पहिले पोचा. हे अनुवोंगने 1818 मध्ये बांधलं आणि 1828 च्या जाळपोळीत वाचलेलं हेच. का वाचलं, तर बांधणी सयामी पद्धतीची होती म्हणून सोडलं असं सांगतात. आतल्या ओवरीच्या भिंतीत छोटे छोटे कोनाडे आहेत आणि प्रत्येकात चिमुकल्या बुद्धमूर्ती बसवलेल्या, त्यांच्या पुढे मोठ्या मूर्तींची रांग, सगळ्या मिळून 6,800 हून जास्त. एका बाजूला गजांच्या मागे फुटलेल्या मूर्तींचा ढीग ठेवलाय, मुंडकी, हात, धडं, त्या लढाईतला. तिथे जरा थांबा. सकाळच्या तिरप्या उन्हात ही ओवरी जशी दिसते तशी अकरा वाजता दिसत नाही, म्हणून आठचा आग्रह.

रस्त्याच्या पलीकडे हो फ्रा केव. 1565 मध्ये सेत्थाथिरातने पाचूच्या बुद्धासाठी बांधलं. तोच बुद्ध जो तुम्ही बँकॉकच्या राजवाड्यात रांग लावून बघितला असेल, तो 1779 मध्ये सयामी सेनापती इथून घेऊन गेला. आजची इमारत फ्रेंच काळात परत उभारलेली, आत म्युझियम आहे, अर्ध्या तासात होतं. दोन्हीकडचं तिकीट परदेशी लोकांना जास्त असलं तरी फार नाही, शे-सव्वाशे रुपये धरा. दुपारी बारा ते एक बंद असतात.

तिथून वाट सी मुआंगला टुकटुक करा, किंवा चालत वीस-पंचवीस मिनिटं. आर्किटेक्चर म्हणून काही खास नाही पण गर्दी कायम, कारण हे नवसाचं देऊळ. शहराचा खांब रोवताना खड्ड्यात सी नावाच्या गरोदर बाईने उडी घेतली अशी दंतकथा, आता तिच्याकडे लोक नोकरी, परीक्षा, मूलबाळ सगळं मागतात. बाहेर केळीच्या पानांचे, झेंडूच्या फुलांचे निमुळते मनोरे विकायला असतात. आत भिक्षू मनगटात पांढरा दोरा बांधून देतात, आपल्याला हे काही नवीन नाही, पण तो दोरा लगेच काढून टाकू नका, निदान तीन दिवस ठेवतात.

दहा-साडेदहाला थांबा. बास.

दुपार आणि कोप

जेवा, झोपा, नाहीतर मसाज घ्या. दुपारी एकच गोष्ट सुचवेन आणि ती चुकवू नका, पण ती एसीतली आहे म्हणून नव्हे. कोप व्हिजिटर सेंटर. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने लाओसवर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, सुमारे 5 लाख 80 हजार उड्डाणं, लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वात जास्त बॉम्ब पडलेला देश हा. त्यात क्लस्टर बॉम्बमधले छोटे गोळे 27 कोटी, आणि त्यातले अंदाजे 8 कोटी फुटलेच नाहीत. ते अजून शेतात आहेत. पोरं बॉल समजून उचलतात, कुणी भंगार म्हणून, कुणाची कुदळ लागते. हे सेंटर अशा लोकांना कृत्रिम हातपाय मिळवून देणाऱ्या संस्थेचं आहे. लोकांनी घरी लाकडापासून, बॉम्बच्या पत्र्यापासून स्वतः बनवलेले पाय तिथे टांगून ठेवलेत. प्रवेश फुकट, डोनेशन ऐच्छिक. तास-दीड तास लागतो, लहान मुलं सोबत असतील तर फिल्म आधी तुम्ही बघा मग ठरवा.

आणि इथून बाहेर पडल्यावर पातुसायला जा, क्रम हाच ठेवा. साडेचारनंतर. लांबून पॅरिसच्या विजयकमानीसारखी दिसते, पण छताकडे मान वर करून बघा, विष्णू, ब्रह्मा, इंद्र बसलेत. फ्रेंचांविरुद्ध लढलेल्यांचं हे स्मारक, आणि घाट मात्र फ्रेंचांच्याच कमानीचा. 1957 ते 1968 मध्ये बांधलं, आणि सिमेंट अमेरिकेने विमानतळाच्या धावपट्टीसाठी दिलं होतं ते इथे वापरलं, म्हणून लोक याला उभी धावपट्टी म्हणतात. वर्षानुवर्षं इथे सरकारी पाटीच होती की जवळून बघितल्यावर हे काँक्रीटचं धूड आणखीच बेढब दिसतं. एवढा प्रामाणिक टुरिझम विभाग मी दुसरीकडे बघितला नाही. जिन्याने वर जा, मध्ये टीशर्टवाल्यांचे स्टॉल लागतात, आणि वरून सरळ लान शांग रस्ता राष्ट्रपती भवनापर्यंत दिसतो.

फा थाट लुआंग, तो सोनेरी स्तूप, पातुसायपासून थोडा पुढे. 45 मीटर उंच, 1566 मध्ये सेत्थाथिरातने बांधला, 1828 नंतर पडीक झाला, फ्रेंचांनी 1930 च्या दशकात जुन्या चित्रांवरून परत उभारला. आतलं अंगण चारच्या सुमारास बंद होतं, पण बाहेरचं पटांगण उघडं असतं आणि माझ्या मते तेच जास्त छान, मावळतीला सोनं तापल्यासारखं दिसतं. आत जायचंच असेल तर दुसऱ्या सकाळी या.

खाण्याचं, शाकाहारींनी नीट वाचा

मांसाहारी लोकांना काही सांगायला नको, मजा आहे. लाप खा, म्हणजे बारीक चिरलेलं मांस, भाजून कुटलेला तांदूळ, लिंबू, पुदिना, मिरची. ताम माक हुंग म्हणजे कच्च्या पपईचा सालाड, समोर खलबत्त्यात कुटून देतात, तिखट किती ते आधी विचारतात आणि तिथे शहाणपणा करू नका, कोल्हापूरच्यांनीसुद्धा. खाओ पिआक सेन हे जाड तांदळाच्या शेवयांचं सूप, सकाळचं. आणि सगळ्याबरोबर खाओ निआओ, चिकट भात, बांबूच्या छोट्या टोपलीत येतो, हाताने गोळी करून रश्श्यात-चटणीत बुडवून खायचा. काटे-चमचे शोधू नका, हातानेच खातात.

शाकाहारींची खरी अडचण मांस नाही, मासा आहे. भाजी दिसते हिरवीगार आणि आत असतो फिश सॉस, नाहीतर पडेक म्हणजे मुरवलेल्या माशाचा घट्ट रस. तीन वाक्यं पाठ करा: खोय किन जे, म्हणजे मी शुद्ध शाकाहारी; बो साय नाम पा, फिश सॉस घालू नका; बो साय पडेक. पपईचा सालाड याशिवाय करून देतात, चेहरा जरा पडतो त्यांचा पण देतात. टोफूचे पदार्थ, भाज्यांचा फ्राइड राइस, स्प्रिंग रोल सगळीकडे. शुद्ध शाकाहारी बुफे पण शहरात आहेत, दुपारी लवकर जा कारण एक-दीडला भांडी रिकामी होतात. इंडियन रेस्टॉरंट पण मध्यभागात आहेत, ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर एक जेवण तिथलं ठेवा. आणि दशम्या-चिवड्याची पिशवी नेतच असाल तर न्या, मी हसणार नाही.

बियरलाओ बर्फ घालून पितात, नाक मुरडू नका, त्या हवेत बरं लागतं. पण सुट्टी दारू, फुकटचे शॉट, घरगुती व्होडका अजिबात नको. नोव्हेंबर 2024 मध्ये वांग व्हियेंगला मिथेनॉलमुळे सहा परदेशी पर्यटक गेले. सीलबंद बियर घ्या आणि गप्प बसा.

तिसरी सकाळ: बुद्ध पार्क

शहरापासून साधारण 25 किलोमीटर, मेकाँगच्याच काठाला, स्थानिक नाव शियेंग खुआन. तलात साओजवळच्या बसस्टँडवरून 14 नंबरची बस, तासभर लागतो, भाडं किरकोळ. टुकटुकने गेलात तर जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट बोला.

1958 मध्ये बुन्लेउआ सुलिलात नावाच्या एका अवलियाने हे सुरू केलं, हिंदू आणि बौद्ध दोन्ही एकत्र करून स्वतःचाच पंथ काढलेला माणूस. 200 हून जास्त मूर्ती, सगळ्या काँक्रीटच्या, पण शेवाळ आणि पावसाने अशा काळ्या पडल्यात की हजार वर्षांच्या वाटतात. शिव आहे, विष्णू आहे, तीन सोंडांच्या हत्तीवर इंद्र आहे, 40 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध आहे. आपल्याला निम्मे देव ओळखू येतात आणि तरी कुणाच्याच हातात नेहमीचं आयुध नसतं, शेजारच्या युरोपियन लोकांना समजावून सांगताना आपलीच पंचाईत होते. एक भोपळ्याच्या आकाराची इमारत आहे, राक्षसाच्या तोंडातून आत शिरायचं, नरक, पृथ्वी, स्वर्ग असे तीन मजले, जिना अरुंद आणि अंधारा, गुडघेदुखी असेल तर खालीच थांबा. 1975 मध्ये कम्युनिस्ट राजवट आली तसा हा माणूस नदी ओलांडून नोंग खायला गेला आणि तिकडे आणखी मोठ्या मूर्ती घडवल्या. नऊच्या आत पोचलात तर निवांत मिळतं, दहानंतर टूर बसेस.

वागण्याच्या चार गोष्टी

मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले, चप्पल बाहेर. बायकांसाठी काही ठिकाणी सिन म्हणजे त्यांचं लुंगीसारखं वस्त्र भाड्याने मिळतं. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्यासुद्धा, आणि पाय बुद्धाकडे करून बसायचं नाही, हे आपल्याकडेही तसंच. आवाज चढवायचा नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण उशीर झाला, ऑर्डर चुकली तर आपला सूर लगेच वर जातो आणि समोरचा माणूस भांडत नाही, नुसता हसतो आणि मग तुमचं काम कायमचं थांबतं. सबायदी म्हणजे नमस्कार, खोप चाय म्हणजे थँक्यू, थाओ दाय म्हणजे केवढ्याला. या तीन शब्दांवर दोन दिवस निघतात.

डासांची क्रीम ठेवा, डेंग्यू आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, गंभीर काही झालं तर इथले लोकच पलीकडे उदोन थानीला हॉस्पिटलमध्ये जातात.

निघताना

पुढे लुआंग प्राबांगला जाणार असाल तर चीनच्या ट्रेनचं स्टेशन शहरापासून बरंच लांब आहे, साधारण 15 किलोमीटर, आणि जुन्या खामसावात स्टेशनशी त्याचा काही संबंध नाही, टॅक्सीवाल्याला नीट सांगा. ही लाइन डिसेंबर 2021 ला सुरू झाली, वांग व्हियेंगला साधारण एक तास, लुआंग प्राबांगला दोन. तिकीट ॲपवरून आधीच काढा, वीकेंडला आणि सणाला संपतात. पासपोर्ट लागतो, तासभर आधी पोचा, आणि बॅग एअरपोर्टसारखी तपासतात: डिओचा स्प्रे, डासांचा स्प्रे, चाकू, कात्री काढून घेतात. म्हणजे वर सांगितलेली क्रीम ट्यूबमधलीच घ्या.

विमानाने किंवा पुलावरून देश सोडणार असाल तर उरलेले किप आधी संपवा. लाओसच्या बाहेर ते कुणी बदलून देत नाही, नोंग खायला एखादा देईलही पण रेट रडवेल, मुंबईत तर सोडाच. बोलावेनच्या कॉफीची पाकिटं तलात साओच्या आसपास आणि सुपरमार्केटमध्ये मिळतात, एअरपोर्टपेक्षा बरीच स्वस्त, शेवटच्या दिवशी खिशातले किप मोजा आणि तेवढ्याची घ्या. टॅक्सीपुरते सुटे मात्र बाजूला ठेवा.